स्टोरीबोर्डमध्ये तोच बॅकग्राउंड पुन्हा कसा वापरायचा: क्रितामधली पद्धत

नवशिक्याचा स्टोरीबोर्ड (सीन शॉटगणिक दाखवणाऱ्या चित्रचौकटींची मालिका, यातली एक चौकट म्हणजे पॅनेल) उघडला की बहुतेक वेळा एक गोष्ट लगेच दिसते. तोच फलाट, तोच बाक, तीच खिडकी दर पॅनेलला नव्यानं काढलेली असते आणि दर पॅनेलला थोडी वेगळी असते. तिसऱ्या पॅनेलात खांब डावीकडे सरकलेला, सहाव्यात छताची कड खाली आलेली. दुसरा प्रकार म्हणजे पॅनेल कॉपी करून त्यातली माणसं पुसायची आणि नवी काढायची. त्यात बॅकग्राउंड जुळतो खरा, पण दिग्दर्शकानं "मागच्या भिंतीवर एक फलक टाक" म्हटलं की तोच फलक प्रत्येक पॅनेलात हातानं टाकत बसावं लागतं.

दोन्हींवर उपाय आहे. बॅकग्राउंड एकदाच काढायचा आणि बाकीच्या पॅनेलांनी त्याच मूळ चित्राकडे बोट दाखवायचं. हे कसं करायचं ते इथे क्रिता या सॉफ्टवेअरवर दाखवतो. क्रिता फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं, आणि ५.० या आवृत्तीपासून त्यात स्टोरीबोर्डसाठी वेगळा डॉकर, म्हणजे कडेला लावता येणारी साधनांची चौकट, आला आहे. तुमच्याकडे ४ ची एखादी जुनी आवृत्ती असेल तर आधी नवी घ्या. पुढे ज्या क्लोन कीफ्रेमबद्दल बोलणार आहे, त्या जुन्यात मिळणार नाहीत. (कीफ्रेम म्हणजे टाइमलाइनवरची ती जागा, जिथून लेअरवर नवं चित्र सुरू होतं.)

ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेत अर्ल हर्डनं १९१४ साली पारदर्शक सेल्युलॉइडच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. खाली रंगवलेला एक बॅकग्राउंड, वर पारदर्शक शीटवर पात्रं, आणि बदलायच्या त्या फक्त वरच्या शीट. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ च्या सुमारास डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि अ‍ॅनिमेटर राम मोहन यांच्या पिढीनं कामाला सुरुवात केली, तेव्हाही टेबलावर हीच पद्धत होती. आज आपण ज्याला लेअर म्हणतो ती त्याच शीटची पुढची पिढी.

आधी कागदावर: किती बॅकग्राउंड लागणार?

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी पॅनेलांची यादी करा. उदाहरणाला एक छोटा सीन घेऊ. तालुक्याच्या गावचा एसटी स्टँड, रात्रीची वेळ, आजी आणि नातू शेवटच्या गाडीची वाट बघतायत. आठ पॅनेल (वाइड म्हणजे दुरून पूर्ण जागा दाखवणारा शॉट, मिड म्हणजे थोडा जवळून):

१. वाइड. पूर्ण फलाट, बाकावर आजी आणि नातू.
२. मिड. बाक, आजी मनगटावरच्या घड्याळात बघते.
३. वाइड. नातू उठून चौकशीच्या खिडकीकडे निघतो.
४. खिडकी. नातू टाचा उंचावून आत डोकावतो.
५. खिडकी. आतला वाहतूक नियंत्रक मान हलवतो.
६. मिड. आजी पिशवी उघडून डबा काढते.
७. वाइड. लाइट जाते.
८. वाइड. अंधारात दोन हेडलाइट.

आता प्रत्येक ओळीपुढे बॅकग्राउंडचं नाव लिहा: वाइड, मिड, वाइड, खिडकी, खिडकी, मिड, वाइड, वाइड. म्हणजे पॅनेल आठ, पण चित्रं तीनच. हे लिहायला दोन मिनिटं लागतात आणि पुढचं सगळं काम यावरच उभं राहतं, म्हणून ही पायरी टाळू नका.

यादी करताना एक प्रश्न स्वतःला विचारा: कॅमेरा खरोखर त्याच जागी परत आलाय का? पॅनेल १ आणि ३ दोन्ही "वाइड" आहेत, पण ३ मध्ये कॅमेरा जरा खाली, नातवाच्या उंचीवर हवा असेल तर क्षितिजरेषा बदलली, आणि क्षितिजरेषा बदलली की बॅकग्राउंड नवा काढावा लागतो. जुना ओढूनताणून बसवला तर फलाट घसरगुंडीसारखा तिरका दिसतो. तसंच, "दुसऱ्या बाजूनं बघतोय" असं दाखवायला बॅकग्राउंड आडवा उलटवायचा मोह होतो. तो करू नका. खिडकी डावीकडून उजवीकडे गेली की प्रेक्षकाचा दिशांचा हिशेब चुकतो, आणि १८० अंशांचा नियम (कॅमेरा पात्रांमधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा) मोडल्यासारखं वाटतं, मग पात्रं कितीही बरोबर काढलेली असोत.

फाइलची मांडणी

नवी फाइल घ्या: १९२० बाय १०८०, ८ बिट रंग. स्टोरीबोर्डला याहून जास्त लागत नाही. सेटिंग्ज मेनूतल्या डॉकर्समधून "स्टोरीबोर्ड" आणि "अ‍ॅनिमेशन टाइमलाइन" हे दोन डॉकर चालू करा. टाइमलाइनच्या सेटिंगमध्ये वेग सेकंदाला २४ फ्रेम ठेवा.

प्रत्येक पॅनेल सध्या दोन सेकंदांचं धरा, म्हणजे ४८ फ्रेम. क्रितात मोजणी ० पासून सुरू होते, त्यामुळे पॅनेल १ फ्रेम ० वर, २ फ्रेम ४८ वर, ३ फ्रेम ९६ वर, ४ फ्रेम १४४ वर, ५ फ्रेम १९२ वर, ६ फ्रेम २४० वर, ७ फ्रेम २८८ वर आणि ८ फ्रेम ३३६ वर सुरू होईल. शेवटची फ्रेम ३८३. हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा. वेळा नंतर बदलणारच आहेत, पण सुरुवातीला सगळी पॅनेल सारख्या मापाची ठेवली की कीफ्रेम शोधताना डोकं शिणत नाही.

आता लेअर. खालून वर असे पाच करा:

बीजी (बॅकग्राउंड): फलाट, भिंत, बाक, खिडकी.
पात्रं: आजी, नातू, नियंत्रक.
ओएल: पात्रांच्या पुढे येणाऱ्या गोष्टी. आपल्या वाइडमध्ये पुढचा एक जाड खांब आहे, तो इथे. अ‍ॅनिमेशनवाले याला ओव्हरले म्हणतात.
काळोख: लाइट गेल्यावरची सावली.
उजेड: हेडलाइट.

पात्रांच्या मागचं आणि पुढचं वेगळं ठेवणं महत्त्वाचं आहे. नातू खांबामागून चालत खिडकीकडे गेला तर खांब पात्रांच्या वर लागतो, आणि तो बीजीतच रंगवून ठेवला असेल तर नातू खांबाच्या पुढून चालताना दिसेल. खांब खरोखर पुढे आहे की नाही हे यादी करतानाच ठरवून टाका.

लेअरना नावं मराठीत दिली तरी क्रिता तक्रार करत नाही. फाइलचं नाव मात्र रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवलेलं बरं. पुढे व्हिडिओ बनवताना किंवा दुसऱ्याच्या संगणकावर फाइल उघडताना देवनागरी नावांवरून मधली एखादी पायरी अडखळू शकते.

लेअरच्या नावावर उजवी क्लिक करून रंगाची खूण देता येते. बीजी आणि ओएलला एकच रंग द्या. टाइमलाइनमध्ये लेअर पिन करण्याची सोय आहे, तीही वापरा, म्हणजे कुठलाही लेअर निवडला तरी बीजीची रांग डोळ्यांसमोर राहते.

होल्ड, क्लोन आणि डुप्लिकेट

इथे जरा थांबू, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. क्रितात तेच चित्र पुढच्या फ्रेमवर दिसण्याचे तीन मार्ग आहेत, आणि तिन्ही पडद्यावर अगदी सारखे दिसतात.

पहिला होल्ड. कीफ्रेमवरचं चित्र पुढची कीफ्रेम येईपर्यंत आपोआप टिकून राहतं. पॅनेल ४ आणि ५ दोन्ही खिडकीचे आहेत आणि लागोपाठ आहेत. १४४ वर खिडकी काढली आणि १९२ वर बीजीच्या रांगेत काहीच केलं नाही, तर पॅनेल ५ ला खिडकी दिसतेच.

दुसरा क्लोन. पॅनेल १ चा वाइड पॅनेल ३ ला परत हवा, पण मध्ये मिड येऊन गेला. होल्ड इथपर्यंत पोहोचत नाही. मग ० वरच्या कीफ्रेमचा क्लोन ९६ वर ठेवायचा. आता दोन्ही कीफ्रेम एकाच चित्राकडे बघतात. कुठल्याही एकीवर रंग लावा, दुसरी बदलते.

तिसरा डुप्लिकेट. ही स्वतंत्र प्रत. आज सारखी, उद्या वेगळी. एकीवर केलेलं दुसरीला कळत नाही.

तर निवड कशी करायची? एकच कसोटी पुरते: मूळ चित्रात उद्या बदल झाला तर तो या पॅनेललाही हवा आहे का? हवा असेल तर क्लोन किंवा होल्ड. नको असेल तर डुप्लिकेट. "दोन्ही सारखेच दिसतायत ना" हे पाहून निवड केली की पुढच्या दुरुस्तीला फसगत ठरलेली.

पडद्यावर सारखे दिसले तरी मेमरीत सारखे नाहीत. १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. ८ बिटमध्ये प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे पूर्ण भरलेल्या एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट, साधारण ८ एमबी. साठ पॅनेलांच्या बोर्डात बीजी दर वेळी डुप्लिकेट केला तर नुसत्या त्या एका लेअरचे ५०० एमबीच्या आसपास होतात. त्यात अनडूचा इतिहास वेगळा. आठ जीबीच्या लॅपटॉपवर ब्रश मागून येतोय असं वाटायला लागतं ते यामुळेही. क्लोन कितीही केले तरी चित्र एकच.

प्रत्यक्ष काम

फ्रेम ० वर जा, बीजी निवडा, वाइड रंगवा. खांब ओएलवर काढा. घाई करू नका, हे चित्र चार पॅनेलांत दिसणार आहे. पण फार नटवूही नका. स्टोरीबोर्डचा बॅकग्राउंड म्हणजे आकार, दिशा आणि उजेड कुठून येतोय एवढं. भिंतीचे पोपडे नंतरचा बॅकग्राउंड आर्टिस्ट रंगवेल.

फ्रेम ४८ वर जा. बीजीच्या रांगेत नवी रिकामी कीफ्रेम घाला. ० वरचं चित्र ० वरच राहतं, ४८ पासून पडदा कोरा होतो. इथे मिड काढा: बाक मोठा, मागे भिंत. ओएलच्या रांगेतही ४८ वर रिकामी कीफ्रेम घालायला विसरू नका, नाहीतर वाइडमधला खांब आजीच्या तोंडावर येऊन उभा राहील. ओएलवरचा हा विसर फार सर्रास होतो, कारण सगळं लक्ष बीजीवर असतं.

फ्रेम ९६. इथे नवं काही काढायचं नाही. टाइमलाइनवर बीजीची ० ची कीफ्रेम निवडा आणि उजवी क्लिक करा. मेनूत साध्या कॉपीच्या जोडीला क्लोनसाठी वेगळा पर्याय असतो, तो घ्या. मग ९६ च्या चौकोनावर जाऊन पेस्ट करा. आवृत्तीनुसार मेनूतले शब्द थोडे बदलतात, पण साधी कॉपी आणि क्लोन हे दोन वेगळे पर्याय आहेत हे नीट बघून घ्या. ओएलचंही तसंच.

लगेच तपासा. ९६ वर असताना बीजीवर एक भडक लाल रेघ मारा आणि ० वर जा. तिथे लाल रेघ दिसली तर क्लोन झालाय. नाही दिसली तर साधी प्रत झालीय, ती काढून पुन्हा करा. मग अनडू करून रेघ घालवा. हा पाच सेकंदांचा खेळ आहे, पण प्रत्येक क्लोनला करा.

१४४ वर बीजीला रिकामी कीफ्रेम, खिडकी काढा, ओएलला रिकामी कीफ्रेम. १९२ वर काही नाही, होल्ड चालू आहे. २४० वर मिडचा क्लोन, म्हणजे ४८ च्या कीफ्रेमचा. २८८ वर वाइडचा क्लोन, ओएलसह. ३३६ वर पुन्हा होल्ड.

झालं. बीजीच्या रांगेत सहा कीफ्रेम आल्या: ०, ४८, ९६, १४४, २४०, २८८. चित्रं मात्र तीनच. कीफ्रेमना टाइमलाइनवर रंग देता येतात. वाइडच्या सगळ्या हिरव्या, मिडच्या नारिंगी, खिडकीची निळी असं करून टाका. महिन्याभरानं फाइल उघडल्यावर कुठला क्लोन कुणाचा हे आठवायची गरज उरणार नाही.

आता बीजी आणि ओएलला कुलूप लावा. लेअरच्या नावाशेजारी कुलपाचं चिन्ह असतं. यामागे कारण आहे. टाइमलाइनवर आपोआप कीफ्रेम बनवण्याचा एक पर्याय असतो. तो चालू असेल आणि तुम्ही होल्डच्या मधल्या फ्रेमवर, समजा १९२ वर, बीजीवर चुकून ब्रश टेकवला, तर क्रिता तिथे नवी कीफ्रेम बनवतं. तो पर्याय "रिकामी" वर असेल तर खिडकी गायब, आणि तुमच्या ब्रशचा एक ठिपका तेवढा शिल्लक. माणूस घाबरून अख्खी खिडकी परत काढायला बसतो. खरं तर नको असलेली ती एक कीफ्रेम पुसली की खिडकी जागेवर असते. कुलूप असेल तर हा प्रसंगच येत नाही.

पात्रं काढताना हे सगळं विसरून जा. पात्रांच्या लेअरवर दर पॅनेलला नवी रिकामी कीफ्रेम घ्या आणि मोकळेपणानं काढा, पुसा, पुन्हा काढा. खालचं काही हलत नाही. बॅकग्राउंड वेगळा ठेवण्यातली खरी मजा मला इथेच वाटते.

पॅनेलांच्या मुदती आणि क्रम

स्टोरीबोर्ड डॉकरमध्ये प्रत्येक पॅनेलचं नाव, सेकंद आणि फ्रेममधली मुदत, आणि खाली टिपणांची जागा असते. संवाद, आवाज, कॅमेऱ्याची हालचाल हे टिपणांत लिहा. चित्रावर बाण आणि अक्षरं कमीत कमी.

डॉकरमधून नवं पॅनेल जोडताना टाइमलाइनवर कुठला लेअर निवडलेला आहे याकडे लक्ष ठेवा. पॅनेल जोडून झाल्यावर बीजीच्या रांगेवर एक नजर टाका. नको असलेली रिकामी कीफ्रेम आली असेल तर ती लगेच काढून टाका.

पॅनेलची मुदत बदलली की पुढच्या कीफ्रेम त्या हिशेबानं सरकतात. अडचण येते ती पॅनेलांचा क्रम बदलताना. समजा दिग्दर्शक म्हणाला, "नियंत्रकाचं मान हलवणं शेवटी घे." पॅनेल ५ उचलून ८ च्या पुढे नेलं. पण पॅनेल ५ ला बीजीत स्वतःची कीफ्रेम नव्हती, ते ४ च्या होल्डवर चाललं होतं. नव्या जागी मागून वाइडचा होल्ड येतोय. नियंत्रक आता खिडकीआड नाही, फलाटाच्या मधोमध तरंगतोय.

म्हणून माझा सल्ला: क्रम पक्का झाला नसेल तर होल्डवर भिस्त ठेवू नका. प्रत्येक पॅनेलच्या पहिल्या फ्रेमवर बीजीची स्वतःची कीफ्रेम ठेवा, लागोपाठ तेच चित्र असलं तरी. त्या कीफ्रेम क्लोनच असू द्या, मेमरीचं नुकसान नाही. आपल्या उदाहरणात १९२ आणि ३३६ वरही क्लोन ठेवायचे. ओएलची रांगही तशीच भरायची, जिथे खांब नको तिथे रिकामी कीफ्रेम. शिकाऊ माणसाचा पहिला बोर्ड हमखास उलटापालटा होतो, त्यामुळे सुरुवातीपासून ही सवय लावलेली बरी. होल्ड ठेवा अ‍ॅनिमॅटिकच्या (पॅनेलं वेळेनुसार लावून केलेल्या कच्च्या व्हिडिओच्या) शेवटच्या टप्प्यासाठी, जेव्हा कुणी पॅनेल हलवणार नाही याची खात्री असते.

बदल आला की

दिग्दर्शकाला भिंतीवर गाड्यांच्या वेळापत्रकाचा फलक हवाय. आधी फाइलची नवी आवृत्ती सेव्ह करा. कंट्रोल-ऑल्ट-एस दाबलं की नावापुढे क्रमांक लागून नवी प्रत तयार होते. क्लोनमध्ये सुधारणा जशी सगळीकडे पसरते तशी चूकही पसरते, म्हणून मूळ चित्राला हात लावण्याआधी ही एक खबरदारी.

कुलूप काढा, फ्रेम ० वर जा, फलक रंगवा, कुलूप लावा. पॅनेल ३, ७ आणि ८ मध्ये फलक आलेला दिसेल. पण तो फलक बाकाच्या बरोबर मागे असेल तर तो मिडमध्येही दिसायला हवा, आणि मिड हे वेगळं चित्र आहे. तिथे सॉफ्टवेअर काही मदत करणार नाही. ४८ वर जाऊन तो हातानं काढायचा, म्हणजे २४० वर आपोआप येईल. क्लोन त्याच चित्रापुरता काम करतो. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांमधलं सातत्य डोळ्यांनीच राखायचं असतं.

आता उलटा प्रसंग. पॅनेल ७ ला लाइट गेली. २८८ वरचा वाइड अंधारा हवा, पण १ आणि ३ उजेडातच हवेत. सरळ २८८ वर काळं फासलं तर १ आणि ३ मध्येही अंधार होईल. इथे दोन वाटा आहेत.

पहिली: २८८ ची कीफ्रेम निवडून "मेक युनिक" करा. क्लोनचं नातं तुटतं, ती स्वतंत्र होते. मग हवं ते करा. पण आता वेळापत्रकाचा फलक उद्या पुन्हा बदलला तर तो दोन ठिकाणी बदलावा लागेल.

दुसरी, आणि बहुतेक वेळा हीच बरी: बीजीला हात लावू नका. वरच्या "काळोख" लेअरचा ब्लेंडिंग मोड (खालच्या चित्रात रंग मिसळायची रीत) मल्टिप्लाय करा, म्हणजे खालचं चित्र त्या रंगानं गडद होतं, त्यावर २८८ ला कीफ्रेम घाला आणि गडद निळा रंग पूर्ण पसरवा. त्या आधीच्या फ्रेमवर तो लेअर रिकामाच राहील, त्यामुळे पॅनेल १ ते ६ जसेच्या तसे. हा लेअर पात्रांच्याही वर आहे, म्हणून आजी आणि नातूही अंधारात जातात. भिंतीवरची पांढरी ट्यूब निळसर करडी पडते, म्हणजे विझल्यासारखी दिसते, आणि स्टोरीबोर्डला तेवढं पुरतं. "उजेड" लेअर काळोखाच्या वर ठेवलाय, त्यामुळे ३३६ वर काढलेले हेडलाइट लखलखीत दिसतात. हाच लेअर काळोखाच्या खाली असता तर एसटीचे दिवे मळक्या निळ्या ठिपक्यांसारखे दिसले असते.

पहाट, पाऊस, धुकं यांनाही हीच युक्ती लागू पडते. जागा तीच आणि हवा बदलली, तर बदल वरच्या लेअरवर. भिंतच पडली किंवा बाक हलवला, तर मात्र मेक युनिक.

वाइडमधूनच मिड काढता येईल का?

येतो, पण मर्यादेत. कॅमेरा त्याच रेषेत सरळ पुढे गेला असेल तर वाइडची साधी प्रत घेऊन कंट्रोल-टीनं मोठी केली की मिडचा सांगाडा मिळतो. दुप्पट केल्यावर रेघाही दुप्पट जाड होतात आणि कडा मऊ पडतात, त्यामुळे त्यावरून रेघा परत ओढून घ्या. इथे प्रत डुप्लिकेट हवी, क्लोन नव्हे. क्लोन मोठा केला तर मूळ वाइडही मोठा होईल.

शॉटमध्ये कॅमेरा हळूहळू आत शिरणार आहे हे आधीच माहीत असेल तर बॅकग्राउंडची फाइल ३८४० बाय २१६० ची घ्या, म्हणजे दुप्पट आत शिरलं तरी चित्र फुटत नाही. मेमरी मात्र चौपट लागते. क्रिता ५ मध्ये ट्रान्सफॉर्म मास्कही अ‍ॅनिमेट करता येतो, त्यानं अशी हालचाल दाखवता येते. पहिल्या बोर्डात त्यात पडू नका. चौकटीचे दोन आयत आणि एक बाण काढला तरी वाचणाऱ्याला समजतं.

एकापेक्षा जास्त फाइल असतील तर

मोठ्या कामात दर सीनची वेगळी फाइल असते, आणि एसटी स्टँड पाच सीनमध्ये येतो. क्लोन कीफ्रेम फाइलबाहेर जात नाहीत. इथे फाइल लेअर वापरा. स्टँडचा वाइड स्वतंत्र फाइलमध्ये रंगवा, मग प्रत्येक सीनच्या फाइलमध्ये लेअर जोडताना "फाइल लेअर" निवडून त्या फाइलकडे बोट दाखवा. मूळ फाइल बदलून सेव्ह केली की सगळ्या सीनमध्ये बदल दिसतो. जोडताना मापाचा पर्याय विचारला जातो. दोन्ही फाइल एकाच मापाच्या असतील तर माप बदलू नका.

सगळ्या फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि कुणाला पाठवायचं झालं तर अख्खं फोल्डर पाठवा. नुसती सीनची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली तर समोरच्याला पात्रं दिसतील आणि मागे काहीच नसेल. एकच फाइल पाठवायची असेल तर आधी फाइल लेअर साध्या पेंट लेअरमध्ये बदलून घ्या. फाइल लेअर फ्रेमगणिक बदलता येत नाही, म्हणून एका सीनमध्ये एकच बॅकग्राउंड असेल तिथे तो सोयीचा. आपल्या वाइड-मिड-खिडकीसारख्या सीनला क्लोनच हवेत.

दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर

नावं बदलतात, कसोटी तीच. ब्लेंडरच्या ग्रीस पेन्सिलमध्ये शिफ्ट-डी म्हणजे स्वतंत्र प्रत, ऑल्ट-डी म्हणजे जोडलेली प्रत. फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्टची साधी प्रत मूळ चित्राशी जोडलेली राहते, आणि "न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी" केलं तर ती सुटी होते. टून बूमच्या स्टोरीबोर्ड प्रोमध्ये पॅनेल डुप्लिकेट करता येतं, निवडलेले लेअर दुसऱ्या पॅनेलात पेस्ट करता येतात आणि बॅकग्राउंड लायब्ररीत टेम्प्लेट म्हणून ठेवून पुन्हा ओढून घेता येतो. स्टुडिओत बहुतेक हेच भेटेल. नव्या सॉफ्टवेअरमध्ये गेलात की पहिल्याच दिवशी लाल रेघेची ती चाचणी करून बघा: कुठली प्रत जोडलेली राहते, कुठली सुटते. माहितीपत्रक वाचण्यापेक्षा ते लवकर होतं.

पाठवण्याआधी

स्टोरीबोर्ड डॉकरमधून पीडीएफ काढता येतो. त्याआधी टाइमलाइनवर प्रत्येक पॅनेलच्या पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमवर जाऊन बघा. बॅकग्राउंडचा घोटाळा बहुधा शेवटच्या फ्रेमवर लपलेला असतो, कारण लहान चित्रात पॅनेलची सुरुवातच दिसते. ९५ वर मिड आहे ना, ९६ वर वाइड आला ना, २३९ वर खिडकी टिकली ना, एवढं बघायचं. मग टिपणांत प्रत्येक पॅनेलसमोर बॅकग्राउंडचं नाव लिहा, "बीजी वाइड, पॅनेल १ चाच" अशा शब्दांत. पुढे रंगवणाऱ्याला आठ पॅनेलांसाठी तीनच बॅकग्राउंड करायचे आहेत हे पीडीएफ बघूनच कळायला हवं, नाहीतर तो बिचारा आठ रंगवून मोकळा होईल.